नववी-दहावीच्या पोट्ट्यांनो, ऊर्जेच्या गणितात या चुका टाळा

संध्याकाळी गावातले पोट्टे माझ्याकडे अभ्यासाला बसतात. ऊर्जेचं गणित आलं की सूत्र सगळ्यांना पाठ असते, पण आपण हिशोब नेमका कोणाचा करून राहिलो हेच ठरवलेलं नसते.

समजा विहिरीवर दोर तुटला आणि 10 किलोची भरलेली बादली 12 मीटर खाली गेली. पाण्याला टेकायच्या क्षणी गतिज ऊर्जा किती? एका पोरीनं लिहिलं 2352 ज्यूल, म्हणजे बरोब्बर दुप्पट. काहून? तिनं गुरुत्वाकर्षणानं केलेलं कार्य 1176 धरलं (10 × 9.8 × 12) आणि स्थितिज ऊर्जा कमी झाली तेही 1176 त्यात जोडलं. अगं पण ते एकच हाये, नावं दोन! सिस्टीममध्ये (म्हणजे ज्याचा हिशोब करून राहिलो त्यात) एकटी बादली घेतली तर पृथ्वी बाहेरची, ती बादलीवर कार्य करते, मग स्थितिज ऊर्जेचं नाव काढायचं नाही. बादली अन् पृथ्वी दोन्ही आत घेतल्या तर बाहेरून कार्य शून्य, आतल्या आत स्थितिजची गतिज झाली. म्हणून आधी वहीत बादलीभोवती तुटक रेघ काढा, आत कोण बाहेर कोण ते लिहा, मगच सूत्राला हात लावा.

दुसरी चूक, "बादली पडली, ऊर्जा संपली". संपत नाही बाप्पा, पाणी उसळलं, आवाज झाला, बाकी उष्णता झाली. 1176 ज्यूलनं 100 लिटर पाणी 0.003 अंशसुद्धा तापत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

मटक्याचं उलटं, तिथं उष्णता बाहेर निघून जाते. मे महिन्यात पोट्टे म्हणतात थंडी आत शिरते. थंडी काही आत शिरत नाही, मटका पाझरतो, बाहेरून 1 ग्रॅम पाणी उडालं की साधारण 2400 ज्यूल घेऊन जाते, म्हणजे मटका बंद डबा समजून गणित मांडलं की चुकलंच. श्रावणात हवाच दमट, पाणी फारसं उडत नाही, मटका फारसा गार होत नाही. खोली बंद करून कूलर लावला तर चिकचिक होते तेही याच्यामुळंच.

आणि एचपी (हॉर्सपॉवर) म्हणजे ऊर्जा नाही, शक्ती. 5 एचपीची मोटर सेकंदाला 3730 ज्यूल काम देते. रात्रीच्या लाइनीवर पूर्ण लोडनं 8 तास चालली तर जवळपास 30 युनिट (1 युनिट म्हणजे 1 किलोवॅट-तास), पण मीटरवर त्याहून जास्तच पडते, कारण मोटर स्वतः तापते ती उष्णताही त्याच वायरमधून आलेली असते.