शिरेतली गुठळी: उंदरावर प्रयोग करण्याआधी

सेवाग्राम-सावंगीकडे (वर्ध्याजवळची वैद्यकीय महाविद्यालयं) संशोधनाला येणारी बरीच मुलं मॉडेल, म्हणजे उंदराच्या शिरेत रक्ताची गुठळी घडवायची पद्धत, आधी निवडतात. आधी प्रश्न ठरवा. औषधाने गुठळीचं वजन घटतं का, गुठळीमुळे शिरेची भिंत कशी बदलते, हे बघायचं असेल तर आयव्हीसी (पोटातली मोठी शीर) डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेखाली पूर्ण बांधतात. गुठळी जवळपास हमखास होते. मात्र रक्त थांबल्यामुळे टोचलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही.

गुठळी सुरू कशी होते हे शोधायचं असेल तर स्टेनोसिस (शीर पूर्ण न बांधता अरुंद करायचं) मॉडेल घ्या. शिरेला लागून ३० गेजची सुई ठेवायची, दोन्हींभोवती ७-० प्रोलीनची (शस्त्रक्रियेचा अगदी बारीक दोरा) गाठ मारायची आणि सुई काढून घ्यायची. रक्ताची बारीक धार चालू राहते. यात काही उंदरांत गुठळी होतच नाही. ते उंदीर गाळू नका, शून्य हाही निकालच आहे.

सगळ्यात जास्त घोळ शिरेच्या बाजूच्या फांद्यांचा. गाठीजवळ फांदी उघडी राहिली की रक्त तिकडून वाट काढतं. प्रत्येक उंदराच्या फांद्यांचं चित्र वहीत काढा, आणि त्या बांधायच्या की सोडायच्या हे पहिल्या उंदराआधीच ठरवा. शीर चिमट्यात कधीच धरू नका, ओल्या कापसाच्या काडीने सारा. आतलं अस्तर दुखावलं की तुम्ही जखमेचा प्रयोग करत असता. महाधमनीपासून शीर सोडवताना ती फाटते, तिथे घाई नको. शाम गटातही (तुलनेसाठी नुसती खोटी शस्त्रक्रिया केलेले उंदीर) शीर सोडवून दोरा घालायचा, फक्त गाठ मारायची नाही.

साधारण ८ ते १० आठवड्यांचे, २०-२५ ग्रॅमचे नर घेतात. मादीत फांद्या बांधल्याने गर्भाशयाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. ४८ तासांनी गुठळी शिरेसकट काढा, टिपकागदावर टिपून लगेच लांबी आणि वजन घ्या. तशीच ठेवली तर सुकून हलकी भरते.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच. बाहेर ४५ अंश आणि वीज गेली की प्राणीघर तापतं, उंदीर पाणी कमी पडून सुकतात आणि आकडे बिघडतात. जनरेटरची खात्री नसेल तर शस्त्रक्रिया हिवाळ्यातच उरका. भूल दिल्यावर मात्र उलटं होतं, उंदीर गार पडतो. खाली ३७ अंशांचं गरम पॅड हवंच. वेदनाशामक पशुवैद्यकाला विचारून ठरवा, कारण काही औषधं प्लेटलेट्सचं काम मंदावतात.

फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा परवानगी अर्ज) आयएईसीकडून (संस्थेची प्राणी नैतिकता समिती) मंजूर झाल्याशिवाय एकही उंदीर मागवू नका.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच, म्हणून त्यावर काम करावंसं वाटतं. त्यासाठी सिकलचं जनुक घातलेला उंदीरच लागतो. साध्या उंदरावरच्या आकड्यांतून त्या रुग्णांबद्दल एकही वाक्य प्रबंधात लिहू नका.