गोंगाटात शब्द कळत नाहीत? मुंबईतल्या ज्येष्ठांनी काय करावं

वय वाढलं की सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीतले: स, श, फ, त, क. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते बरेच दिवस नीट येतात. म्हणून समोरचा बोलतोय हे कळतं, पण 'सात' म्हणाला की 'साठ', ते कळत नाही. त्यात गाड्या, पंखे, भांडी यांचा आवाज मिसळला की उरलीसुरली व्यंजनंही बुडतात.

अशा वेळी समोरच्याला ओरडायला लावू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं फारशी नाहीत. शिवाय उतारवयात बऱ्याच जणांना थोडाही मोठा आवाज कानात बोचतो. 'जरा सावकाश, माझ्याकडे तोंड करून बोला' एवढंच सांगा.

१. आधी कान तपासून घ्या. नुसता मळ साचला असला तरी ऐकू कमी येतं, आणि तो डॉक्टर काही मिनिटांत काढतात. काडी, पिन, तेल नको. काडीने मळ आत ढकलला जातो. मळ नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करा. बांद्रा पश्चिमेला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

२. जागा निवडा. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. उडुपी हॉटेलात फरशी, काच, स्टीलची भांडी, सगळं कडक. आवाज शोषणारं काहीच नाही. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर, साडेतीनच्या सुमाराला जा. मोरी, गल्ला आणि एसीपासून लांबचं, कोपऱ्यातलं टेबल मागा. श्रवणयंत्र नसेल तर भिंतीला पाठ करून बसा. दिशा ओळखणारे माइक असलेलं यंत्र असेल तर उलट: गोंगाट पाठीमागे, बोलणारा समोर. खिडकी तुमच्या पाठीशी हवी, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या ओठांवर पडतो. आणि जवळ सरका. दोन मीटरवरून एक मीटरवर आलात तर त्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, मागचा गोंगाट तेवढाच राहतो. यंत्राची कळ फिरवली तर दोन्ही वाढतात.

३. 'काय?' म्हणू नका. तेच वाक्य तसंच पुन्हा येतं. ऐकलेलं म्हणून दाखवा आणि अडलेलं तेवढंच विचारा: 'डॉक्टर मंगळवारी येतात, किती वाजता?' औषधाचा डोस, बँकेतली रक्कम, ओपीडीचा नंबर मात्र लिहूनच घ्या. खिशात छोटी वही आणि पेन असू द्या. कळलं नसताना मान डोलावणं औषधाच्या बाबतीत धोक्याचं आहे.

४. स्टेशनवर डोळ्यांवर भिस्त ठेवा. घोषणेची वाट पाहू नका, इंडिकेटर वाचा: गाडी कुठली, धीमी की जलद, प्लॅटफॉर्म कुठला. कुठे उतरायचं, कुठे भेटायचं हे घरीच ठरवा. गाडी धडधडत आत येत असताना फोन उचलू नका, मेसेज करा.

५. यंत्र जपा. पावसाळ्यातली दमट हवा आणि घाम यांनी ते बिघडतं. रात्री पुसून, सेलचं दार उघडं ठेवून, सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवा. झिंक-एअर सेलवरचं स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग सेल बसवा. त्याला हवा लागते. नवं यंत्र थेट भाजी मंडईत घालून जाऊ नका. आधी घरात, मग सोसायटीच्या आवारात, मग बाहेर, असे काही आठवडे द्या. पहिल्याच दिवशी गर्दीत घातलं की नको होतं आणि यंत्र कपाटात जातं.

६. विसर्जनाची मिरवणूक, लग्नातला डीजे. स्पीकरपासून शक्य तितके लांब राहा. कापसाच्या बोळ्याचा उपयोग नाही. फोमचा प्लग चोळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवून 20–30 सेकंद बोटाने धरा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर काम करत नाही. रस्ता ओलांडण्याआधी दोन्ही काढा, हॉर्न ऐकू यायला हवा.

एका कानाने अचानक, एखाद्या दिवसात ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. काही कारणांवर उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.