चोर बाजारातला कीबोर्ड आणि कुजलेला फोम

शुक्रवारी सकाळी चोर बाजारात ऐंशीच्या दशकातला एक जडशीळ कीबोर्ड मिळाला. घरी लावला तर अर्धी बटणं मुकी. मित्र म्हणाला, "अरे, बटणांखालचे स्विच बदलून टाक." पण कोणते? आधी ओळखायला तर हवेत!

एका बटणाची टोपी हळूच उपसली. खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा असता, तर चेरी कंपनीचा एमएक्स स्विच किंवा त्याची नक्कल. अरुंद आयताकृती खाच असती, तर बहुधा आल्प्स कंपनीचा. पण तशा खाचेचे इतरांचे स्विचही आहेत, म्हणून वरचं कवचही नीट पाहावं. आयबीएमच्या १९८५ च्या मॉडेल एममध्ये नळीत उभी स्प्रिंगच दिसते.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. शेवटी स्क्रू काढून सर्किट बोर्ड सुटा केला. प्रत्येक दांड्याच्या टोकाला फोमची चकती, तिच्यावर चकचकीत फिल्म. म्हणजे फोम-फॉइल प्रकारचा कीबोर्ड! यात धातूला धातू टेकतच नाही; चकती जवळ आली की बोर्डावरच्या दोन पट्ट्यांमधली धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, आणि बटण दाबल्याचं सर्किटला कळतं. फोमचा मात्र भुगा झाला होता. इतकी सुंदर रचना, आणि अडली ती फोमपायी.

भुगा खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसल्या. मऊ फोम आणि धातूचा मुलामा असलेली प्लास्टिक फिल्म यांच्या चकत्या कापल्या. प्लास्टिकची बाजू बोर्डाकडेच हवी. पहिल्या दोन मी उलट्या चिकटवल्या, त्या पुन्हा कराव्या लागल्या. दोन रविवार गेले. आता सगळी बटणं बोलतात.