मैदानाची निविदा आणि आपली माणसं : या चुका टाळा

पाऊस उघडला, भातकापणी आटोपली की कोकणातल्या प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर गर्दी सुरू होते. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, संध्याकाळी फुटबॉल, शनिवार-रविवारी टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा, मधेच जत्रेची दुकानं नाहीतर दशावताराचा रंगमंच. मैदान नगरपंचायतीचं असतं, पण गवत कापायला माणूस नसतो. मग कुणीतरी सुचवतं, की देखभालीसाठी ते एखाद्या क्लबाला चालवायला द्या. ही कल्पना चांगली आहे. घोळ होतो तो ती राबवताना, आणि बहुतेक वेळा भल्या माणसांच्या हातून होतो.

तसा एक घोळ माझ्या हातून झाला आहे. मी आमच्या फुटबॉल क्लबाचा चिटणीस होतो. नगरपंचायतीच्या कार्यालयातून निरोप आला, ‘सर, तुम्हाला खेळातलं कळतं, अटी-शर्ती तुम्हीच लिहून द्या.’ मी रात्री बसून लिहिल्या. दहा वर्षांचा अनुभव हवा, सोळा वर्षांखालचा संघ हवा, परवानाधारक प्रशिक्षक हवा. प्रत्येक अट मला मनापासून योग्य वाटत होती. त्या सगळ्या अटींत बसणारा क्लब तालुक्यात एकच होता, आमचा, हे मला तेव्हा खटकलंच नाही. महिन्याभराने आम्ही निविदा भरली. शेजारच्या गावातल्या क्लबाने तक्रार केली, प्रक्रिया रद्द झाली आणि दोन हंगाम फाटकाला कुलूप राहिलं. दोन्ही क्लबांची मुलं समुद्राच्या वाळूवर खेळली.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक : अटी लिहिणारा आणि निविदा भरणारा एकच

लोकांचं लक्ष असतं लिफाफे उघडण्याच्या दिवशी. आता ई-निविदा आल्यामुळे तो टप्पा बराच सुरक्षित झाला आहे. पण निकाल पुष्कळदा त्याआधीच, पात्रतेच्या अटी टाइप होतात त्या दिवशी लागलेला असतो. अनुभवाची वर्षं किती, बयाणा रक्कम किती, मैदानापासून क्लबाचं कार्यालय किती किलोमीटरवर असावं, अशा एकेका आकड्यात कुणाचा तरी पत्ता कापलेला असतो.

क्लबाकडून माहिती घ्यायला हरकत नाही. गवत कोणतं टिकतं, जांभ्याच्या जमिनीत पाण्याचा निचरा कसा करायचा, हे खेळणाऱ्यालाच ठाऊक असतं. पण ही माहिती सगळ्या क्लबांना एकत्र बोलावून घ्या आणि त्या बैठकीचं इतिवृत्त निविदेसोबत जाहीर करा. अटींचा मसुदा मात्र ज्याचा कुठल्याच क्लबाशी संबंध नाही अशा माणसाने लिहावा. तालुक्यात तसा कुणी नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला किंवा दुसऱ्या नगरपरिषदेच्या अभियंत्याला पत्र पाठवा. मसुदा तयार झाला की एकच प्रश्न विचारा, या अटींत किती क्लब बसतात? उत्तर ‘एक’ आलं तर तो मसुदा परत टेबलावर घ्या.

अर्धवट सांगणं

लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियमचं प्रकरण यासाठी मुद्दाम वाचावं. 2012 च्या स्पर्धेनंतर हे सार्वजनिक स्टेडियम कुणाला द्यायचं यासाठी वेस्ट हॅम आणि टॉटनहॅम या क्लबांत चुरस होती. फेब्रुवारी 2011 मध्ये स्टेडियमच्या सरकारी कंपनीने वेस्ट हॅमच्या बाजूने कौल दिला. काही महिन्यांनी उघड झालं, की त्याच कंपनीतली एक अधिकारी वेस्ट हॅमसाठी पैसे घेऊन सल्ल्याचं काम करत होती. क्लबातल्या एका माणसाशी आपलं वैयक्तिक नातं असल्याचं तिने आधीच कळवलं होतं. पैसे घेऊन केलेलं हे काम मात्र कळवलं नव्हतं.

पुढे स्वतंत्र चौकशी झाली आणि निवडीवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. निकाल फिरवला गेला असं कुणीही सिद्ध केलं नाही, तरी संशय चिकटायचा तो चिकटलाच. टॉटनहॅम आणि लंडनचाच लेटन ओरिएंट क्लब कोर्टात गेले होते, एका क्लबाला सरकारी पैशाची मदत मिळते अशी तक्रार युरोपियन आयोगाकडे गेली होती. ऑक्टोबर 2011 मध्ये तो व्यवहार सोडून द्यावा लागला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

आपल्याकडे अर्धवट सांगण्याची तऱ्हा वेगळी. ‘माझा मेव्हणा क्लबात आहे’ हे सभेत सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लिहून द्यायची गरज कुणाला वाटत नाही. क्लबाच्या जर्सी आपल्याच दुकानातून जातात किंवा क्लबाची खोली आपल्या चुलत्याच्या जागेत भाड्याने आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘मैदान आपला, पोरा आपली, मगे ह्यो कागद कित्याक?’ असं मला एका वडीलधाऱ्यांनी विचारलं होतं. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. पण कागद हवाच, कारण तक्रार आली की तोंडी माहितीला पुरावा म्हणून कुणी धरत नाही.

मजकूर साधा चालेल : ‘मी किंवा माझ्या कुटुंबातील व्यक्ती, भागीदार अथवा मालक यांचा पुढील क्लबाशी पद, सदस्यत्व, उधारी, देणगी, भाडे, विक्री किंवा मोबदल्याचा संबंध गेल्या तीन वर्षांत आहे/नाही. असल्यास तपशील.’ खाली सही आणि तारीख. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये नियम 175 ही सचोटी संहिता आहे, त्यात हितसंबंध उघड करण्याची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. नगरपंचायतीने तिचा नमुना म्हणून वापर करायला काहीच अडचण नाही.

‘मी हात वर केला नाही’ एवढ्यावर समाधान मानणं

क्लबाचे अध्यक्ष असलेले नगरसेवक सभेत गप्प बसतात आणि त्यांना वाटतं आपण सुटलो. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 चं कलम 16 प्रत्येक नगरसेवकाने एकदा तरी वाचावं. परिषदेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर पदच धोक्यात येतं. क्लबाचं मानद अध्यक्षपद त्यात बसतं का, यावर वकील वाद घालतील. तुम्ही त्या वादात का पडता? विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला की संबंध जाहीर करा, सभागृहाबाहेर जा, आणि बाहेर गेल्याची नोंद वेळेसह इतिवृत्तात करून घ्या. मसुदा, पाहणी, चहापाण्याच्या बैठका यांतूनही बाजूला राहा. अधिकाऱ्याला ‘जरा बघा’ म्हणून केलेला फोनही सहभागच ठरतो.

क्रिकेटमध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये व्यावसायिक हितसंबंध ठेवू देणारी नियम 6.2.4 मधली दुरुस्ती न्यायालयाने 22 जानेवारी 2015 रोजी रद्द केली. वाद पेटला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष असलेले एन. श्रीनिवासन यांची इंडिया सिमेंट्स हीच चेन्नई सुपर किंग्जची मालक होती. म्हणजे संघटनेने स्वतःच नियम बदलून सवलत दिली होती, तरी ती टिकली नाही. तुमच्या सभेने एकमताने ठराव केला म्हणून हितसंबंध नाहीसा होत नाही.

मैदानाच्या मालकानेच एका क्लबाचा पदर धरणं

लंडनमध्ये न्यूहॅमची स्थानिक परिषद वेस्ट हॅमच्या प्रस्तावात भागीदार होती आणि 4 कोटी पौंडांचं कर्ज देणार होती. सरकारी मदतीची तक्रार त्यामुळेच टोकदार झाली. इथे आकडे लहान, प्रकार तोच : निविदा निघण्याच्या तोंडावर नगरपंचायत एकाच क्लबाच्या स्पर्धेला अनुदान देते किंवा त्याला सोयीचे दिवे लावते. काय द्यायचं ते जिंकणाऱ्याला मिळेल, असं निविदेतच लिहा.

करार कपाटात ठेवणं

पुन्हा झालेल्या प्रक्रियेत वेस्ट हॅमलाच 2013 मध्ये 99 वर्षांची भाडेकरूची जागा मिळाली, वर्षाला साधारण 25 लाख पौंड भाड्याने. समर्थकांच्या संघटनांनी माहिती अधिकारात मागूनही करार दाखवला जात नव्हता, तो एप्रिल 2016 मध्ये बाहेर आला. सुरक्षा, मैदानाची निगा, अगदी गोलपोस्ट आणि कॉर्नरचे झेंडेसुद्धा सार्वजनिक खर्चातून, हे लोकांना तेव्हा कळलं. स्टेडियम फुटबॉलसाठी बदलण्याचा खर्च 32.3 कोटी पौंडांवर गेला, त्यात क्लबाचे दीड कोटी. मँचेस्टरच्या स्थानिक परिषदेने 2003 मध्ये मँचेस्टर सिटी क्लबाला स्टेडियम देताना जुन्या मेन रोड मैदानाच्या क्षमतेपेक्षा जास्त विकल्या जाणाऱ्या तिकिटांच्या उत्पन्नात परिषदेचा वाटा ठेवला होता. सार्वजनिक मालकाला अशीही अट घालता येते.

माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 8(1)(घ) मधली व्यापारी गोपनीयता पुढे करून पूर्ण करार नाकारणारं उत्तर आलं, तर कलम 10 दाखवा. गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. खरं तर भाडं, मुदत आणि देखभाल कोण करणार हा भाग कलम 4 खाली आपणहून जाहीर करावा.

चूक झालीच असेल तर

निविदा अजून उघडली नसेल तर काम सोपं आहे. मुख्याधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा, शुद्धिपत्रक काढा, अटी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या, मुदत वाढवा. तांत्रिक लिफाफे उघडले असतील आणि मूल्यांकन समितीतल्या कुणाचा संबंध मागाहून लक्षात आला असेल, तर त्याने दिलेले गुण तेवढे वगळून भागत नाही. चर्चा सगळ्यांनी एकत्र केलेली असते, त्यामुळे समिती बदलून मूल्यांकन पुन्हा करा. कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, निघाला असेल तर मात्र शांतपणे सगळी कागदपत्रं एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा आणि कायदेशीर सल्ला घ्या. त्यात हंगाम जाईल, ते मान्य करा.

आणि काही झालं तरी मागची तारीख घालून पत्र तयार करू नका. आमच्या वेळी मला हा सल्ला दोघांनी प्रेमाने दिला होता. तो ऐकला असता तर जे निष्काळजीपणाचं प्रकरण होतं ते फसवणुकीचं झालं असतं.

आमच्या मैदानाची दुसरी निविदा निघाली तेव्हा मसुदा बाहेरच्या अभियंत्याने केला होता. मी चिटणीसपद सोडलं नव्हतं, पण संबंध लिहून दिला आणि कार्यालयाची पायरी चढलो नाही. निविदा शेजारच्या क्लबाला मिळाली. आमच्या मुलांची वेळ सकाळी साडेसहा ते आठ आणि भरतीच्या मुलांची त्याआधीची, असं करारात लिहिलेलं आहे, आणि त्या कराराची प्रत फाटकाशेजारच्या फलकावर काचेआड लावलेली आहे.