सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला हात घालण्याआधी

पुण्यात एमडी, एमडीएसला आलेली मुलं हल्ली विचारतात, ‘मॅडम, थिसिसचे पेशंट मिळेपर्यंत एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू उरकून टाकू का?’ एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडायचे, हा झाला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. तो उरकायची गोष्ट नव्हे. उद्या कुणीतरी डॉक्टर त्यावर विसंबून उपचार ठरवणार असतो.

‘तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर’ हा झाला विषय. ‘मिश्री लावणाऱ्या बायकांना, न लावणाऱ्यांपेक्षा, हा कॅन्सर होण्याचा धोका किती जास्त?’ हा प्रश्न. तो पक्का झाला की प्रोटोकॉल, म्हणजे रिव्ह्यू कसा करणार याचा आराखडा, लिहा आणि पेपर चाळायला घेण्याआधीच प्रॉस्परो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवा. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि निकाल बघून निकष बदलायचा मोह तिथेच आवरतो.

सर्वांत जास्त वेळ सर्चला द्या. नुसतं ‘स्मोकलेस टोबॅको’ टाकलंत तर मिश्रीवरचे काही पेपर हमखास निसटतात. कुणी मिश्री लिहितं, कुणी मिसरी, कुणी मशेरी. सगळी रूपं घ्या, मेश संज्ञा, म्हणजे डेटाबेसमध्ये पेपरांना लावलेले ठरावीक विषयशब्द, त्याही जोडा. पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. एम्बेस, स्कोपस या दुसऱ्या डेटाबेससाठी कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठा. सर्च कसा बांधायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

सापडलेल्या पेपरांची चाळणी दोघांनी, एकमेकांचं न बघता करायची. रय्यान या वेब ॲपवर ती सोय आहे. दोघांचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याचा कौल.

कॅन्सरच्या रिव्ह्यूत एक जागा फार जपायची. एकच हॉस्पिटल आधी दोन वर्षांचा फॉलोअप छापतं, मग त्याच पेशंटचा पाच वर्षांचा. दोन्ही पेपर धरले तर तीच माणसं दोनदा मोजली जातात. म्हणून हॉस्पिटलचं नाव आणि पेशंट भरतीचा काळ यांचे रकाने पेपरांतली माहिती भरायच्या तक्त्यात ठेवाच. सर्व्हायव्हलच्या पेपरात हॅझार्ड रेशो (एका गटातला मृत्यूचा धोका दुसऱ्याच्या किती पट) दिलेला नसेल, तर तो पेशंट किती काळ जगले हे दाखवणाऱ्या कापलान-मायर आलेखावरून काढायच्या पद्धती आहेत. मात्र स्टॅटिस्टिशियनला सोबत घ्या. आणि अभ्यास एकमेकांशी जुळत नसतील तर मेटा-ॲनालिसिसचा, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकत्र करून एकच निष्कर्ष काढायचा, हट्ट नको. नीट केलेली शब्दांतली मांडणी मला केव्हाही जास्त प्रामाणिक वाटते.

लिहिताना, रिव्ह्यूत काय काय द्यायचं हे सांगणारी प्रिझ्मा 2020 ची 27 मुद्द्यांची यादी शेजारी असू द्या. पाच दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या ईमेलना उत्तरही देऊ नका. चांगल्या जर्नलला वेळ लागतो, आणि शेवटच्या सर्चला वर्ष उलटलं असेल तर संपादक बऱ्याचदा तो पुन्हा करायला सांगतात. म्हणून प्रत्येक डेटाबेसमधला सर्च तारखेसकट, जसाच्या तसा जपून ठेवा.