उत्तरायणाची फिरकी छापण्याआधी

गेल्या उत्तरायणाला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर, पेच ऐन रंगात असताना, घरी थ्रीडी प्रिंटरवर (तो वितळवलेलं प्लास्टिक थरावर थर रचतो) छापलेल्या, मांजा गुंडाळायच्या फिरकीची मूठ कटकन तुटली. तुटलेली जागा काकडीच्या चकतीसारखी सपाट. प्लास्टिक फाटलंच नव्हतं, थराचा थराशी असलेला सांधा सुटला होता. मूठ उभी छापली होती ना!

म्हणून यंदा १४ जानेवारीच्या आठ दिवस आधीच बसायचं. संगणक उघडण्यापूर्वी जुनी लाकडी फिरकी हातात धरून ताण कुठे येतो ते बघायचं. मुठी वाकू बघतात, आणि गुंडाळलेला मांजा मधला ढोल आवळतो, दोन्ही बाजूंच्या चकत्या बाहेर लोटतो. एवढं कळलं की फिरकी अख्खी एकसंध छापायचा हट्ट सुटतो. चकत्या आडव्या, ढोल उभा आणि मुठी लांबीत दोन फाकी करून बेडवर, म्हणजे प्रिंटरच्या पाटावर, निजवलेल्या. सगळ्यांतून आरपार ८ मिमीची आटेवाली सळी, दोन्ही टोकांना वॉशर आणि नट. नट कसला की थर एकमेकांवर दाबले जातात. लोखंड घातलं म्हणजे हार मानली असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. भोक मात्र ८.४ ठेवा, छापताना ते आक्रसतं. चकतीचा गळा जिथे निघतो तिथे काटकोन नको, ४-५ मिमीची गोलाई द्या. चीर तिथूनच सुरू होते.

स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) बरेच जण इन्फिल, म्हणजे आतला भराव, ८० टक्क्यांवर नेतात. फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) वाया. ०.४ मिमीच्या नोझलला (प्लास्टिक सोडणारी तोटी) ४-५ भिंती द्या, आत जायरॉइड (वळणावळणाची जाळी) २०-२५ टक्के पुरे.

फिलामेंटच्या प्लास्टिकांपैकी पीएलए कडक, पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जानेवारीत चालेल, मे महिन्यात गाडीत राहिलं तर बडोद्याचं ऊन त्याची जिलबी करील. दुसरं, पीईटीजी, साधारण ८० पर्यंत तग धरतं. पावसाळ्यापासून उघडं पडलेलं रीळ असेल तर ६५ अंशांवर सहा तास वाळवा (पीएलए असेल तर ४५ वर). नोझल तडतडलं की समजा, ओल आहे आणि थर नीट चिकटणार नाहीत.

आधी एकच मूठ छापून, फाकी चिकटवून, शिकंज्यात धरून वाकवून बघा. आणि लाकडी फिरकी गच्चीवर न्यायचीच. काका तीच मागतात.