दुसऱ्यांची गाणी मिक्स करताना

बँडचे ट्रॅक (प्रत्येक वाद्याचं आणि आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग) हातात आले की लगेच प्लगइन (सॉफ्टवेअरमधले इफेक्ट) लावायला बसू नका. आधी बँडचं रफ मिक्स, म्हणजे त्यांनी स्वतः केलेली कच्ची जुळवणी, दोन-तीनदा सलग ऐका. ते कच्चं असलं तरी बँडच्या कानात मुरलेलं असतं. गायकाचा आवाज किती पुढे, मुखडा परत येताना उसळी किती, हे त्यात ठरून गेलेलं असतं. नवखे नेमकं हेच पुसून टाकतात आणि स्वच्छ पण निर्जीव मिक्स पाठवतात. एखादा विचित्र डिले (प्रतिध्वनीसारखा इफेक्ट) मुद्दाम ठेवलाय की चुकून राहिलाय, हे विचारा आणि त्या ट्रॅकची इफेक्टसह व इफेक्टविना अशी दोन्ही रूपं मागवा.

सगळ्या फाइली २४ बिट वेव्ह, एकाच सँपल रेटच्या (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले ते) आणि गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या हव्यात. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या सेशनमध्ये (मिक्सच्या प्रोजेक्टमध्ये) न बदलता वाजली, तर ती सुमारे ९ टक्के जास्त वेगाने पळते आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन चढतो.

मग फेज, म्हणजे एकाच वाद्याच्या दोन रेकॉर्डिंगच्या लहरी जुळतात की एकमेकींना खोडतात ते. स्नेअर ड्रमच्या वरचा आणि खालचा माइक बहुधा उलट पोलॅरिटीचे असतात: एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. बेसचा डीआय (थेट वायरने घेतलेला सिग्नल) आणि अँपचा माइक यांतही फरक पडतो, कारण माइकपर्यंत पोचायला ध्वनीला वेळ लागतो: १ मिलिसेकंदात तो सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐकत पोलॅरिटीचं बटण दाबून पाहा. खर्ज जिकडे भरतो तिकडे ठेवा. हे राहिलं तर पुढे कितीही ईक्यू (खर्ज-तीव्र पट्टे वरखाली करणारं साधन) लावा, बेस पोकळच.

त्यानंतर बराच वेळ फक्त फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची पातळी ठरवणाऱ्या सरकपट्ट्या. बॅलन्स इथे जमला नाही तर काँप्रेसर (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणारं साधन) तो जमवणार नाही.

सर्वाधिक वेळ गायनाला द्या. आधी क्लिप गेनने (रेकॉर्डिंगच्या त्या तुकड्याचीच पातळी वरखाली करून) ओळ न् ओळ समतल करा, मगच काँप्रेसर: रेशो (दाबण्याचं प्रमाण) ३:१ किंवा ४:१, गेन रिडक्शन (प्रत्यक्ष किती दाबलं) ३ ते ६ डीबी (डेसिबल). क्रम उलटा केला तर मोठे शब्द चेपतात, हळू शब्द बुडालेलेच राहतात. ‘स’ टोचत असेल तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (‘स’ मवाळ करणारं साधन), पण जपून. जास्त झाला की गायक बोबडा वाटतो. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गिटार, पियानो आणि आवाज एकमेकांवर चढतात. सगळ्यांचं कापलंत तर गाणं कृश होतं. जागा कोणाची ते ठरवा आणि बाकीच्यांना थोडं मागे सारा. सोलोवर (एकच ट्रॅक वेगळा काढून) ऐकून हा निर्णय होत नाही.

तुलनेसाठी घेतलेलं रेफरन्स गाणं मास्टर झालेलं (मिक्सनंतरचा शेवटचा हात फिरलेलं), म्हणून मोठं असतं. ते कानाला सारखं वाटेपर्यंत खाली आणा. बँडच्या रफ मिक्सवरही बहुधा लिमिटर (शिखरं रोखून एकूण आवाज मोठा करणारं साधन) असतो. म्हणून ऐकायची प्रत लिमिटर लावून पाठवा, मास्टरिंगसाठीची त्याविना. नाहीतर ‘रफच बरं होतं’ हे ठरलेलं उत्तर येतं.

किती फेऱ्या बदल करणार हे आधीच ठरवा, दोन-तीन पुरतात. सूचना एकाच व्यक्तीने गोळा करून, मिनिट-सेकंदासह द्याव्यात. प्रत्येकाला आपलंच वाद्य वर हवं असतं, त्याला इलाज नाही. ‘आवाज दबतोय’ म्हणजे आवाज वाढवा असं नव्हे. अनेकदा गिटार १ डीबी उतरवली की काम होतं.

मुख्य मिक्ससोबत इन्स्ट्रुमेंटल, नुसतं गायन आणि आवाज १ डीबी वर असलेली प्रत त्याच दिवशी काढून ठेवा. वर्षभराने इन्स्ट्रुमेंटल मागतात तोवर प्लगइनची आवृत्ती बदललेली असते आणि जुनं सेशन जसंच्या तसं उघडेलच असं नाही.